लवंगेच्या पानाचे तेल : थेंबाचे औषध, चमच्याचे विष

दाढ ठणकायला लागली की माणसाला दुसरे काही सुचत नाही. कापूस वेचणीचे दिवस असतात, मजूर ठरलेले असतात, आणि नेमकी त्याच रात्री दाढ उठते. शेवटची एसटी निघून गेलेली, तालुक्याचा दाताचा डॉक्टर सकाळी दहाशिवाय दार उघडत नाही. अशा वेळी घरातली म्हातारी उठते, कोनाड्यातून बोटभर बाटली काढते, कापसाच्या बोळ्यावर त्यातले तेल घेते आणि म्हणते, "धर दाढीत दाबून." थोड्या वेळाने ठणका उतरतो आणि घर झोपी जाते.

वर्धा जिल्ह्यात गावोगाव फिरताना ही बाटली मी बहुतेक घरांत पाहिली आहे. कुठे देवाच्या कोनाड्यात, कुठे आरशामागे, कुठे शिलाई मशीनच्या खणात सुई-दोऱ्याच्या सोबतीला. बाटलीवर नाव असते 'लवंग तेल'. पण ते लवंगेच्या कोणत्या भागाचे, त्यात काय काय असते, किती घ्यावे आणि कुणाला मुळीच देऊ नये, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. संत्रा बागायतदारांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बागेतल्या फळमाशीला भुलवणारे औषध या लवंगेच्याच गोत्यातले आहे. तेव्हा आज या बाटलीची नीट ओळख करून घेऊ या.

कळी, देठ आणि पान

आपण मसाल्यात टाकतो ती लवंग म्हणजे झाडाची न उमललेली, वाळवलेली कळी. झाड सदाहरित, चांगले उंच वाढणारे. कळीत तेल भरपूर असते, शंभर किलो वाळलेल्या लवंगेत पंधरा ते वीस किलोपर्यंत. पण लवंग महाग. मग तेल काढणाऱ्यांनी झाडाखाली गळून पडलेल्या पानांकडे मोर्चा वळवला. पानात तेल कमी, शंभर किलोला दोन-तीन किलो एवढेच. पण पाने फुकटात मिळतात, झाडही तोडावे लागत नाही. त्यामुळे पानाचे तेल सर्वांत स्वस्त, देठाचे त्याहून थोडे महाग आणि कळीचे सर्वांत महाग, अशी बाजाराची चढण आहे. साबण, अत्तरे, दंतमंजने यांत मोठ्या प्रमाणावर जाते ते पानाचेच तेल. इंडोनेशिया आणि मादागास्कर हे त्याचे मोठे उत्पादक देश.

हे तेल घाणीत निघत नाही. वर्धेकरांना घाणी नवी नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ मगनवाडीत सुरू झाला, तेव्हा बैलघाणी सुधारण्याचे मोठे काम आपल्याच शहरात झाले. पण जवस, तीळ, शेंगदाणा यांचे तेल आणि लवंगेचे तेल यांची जात निराळी. भात शिजताना झाकणाच्या आतून जसे पाण्याचे थेंब जमतात, तसे भट्टीत पानांतून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यासोबत आलेले तेल वेगळे करतात. याला ऊर्ध्वपातन म्हणतात. असे तेल म्हणजे झाडाचा आटवलेला अर्क. खाण्याचे तेल आपण पळीने घेतो. अर्काचे तेल थेंबाने मोजायचे असते. दोघांनाही आपण 'तेल'च म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

लोखंडी भट्टीतून काढलेले कच्चे पानतेल गडद तपकिरी, कधी जांभळट दिसते, कारण त्यातला मुख्य घटक लोखंडाशी झटतो. पुन्हा शुद्ध केले की फिकट पिवळे होते. या मुख्य घटकाचे नाव युजेनॉल. पानाच्या तेलात तो साधारण पाऊण हिश्शाहून अधिक असतो. उरलेल्या भागात मुख्यतः कॅरिओफायलिन नावाचा घटक. कळीच्या तेलात युजेनॉलशिवाय आणखी एक गोडसर वासाचा घटक बराच असतो, तो पानात फारसा नसतो. म्हणून कळीच्या तेलाचा वास मऊ आणि मसाल्यासारखा येतो, पानाच्या तेलाचा वास उग्र, जरा लाकडी. नाक सरावले की फरक कळतो.

युजेनॉल आपल्याला परका नाही. अंगणातल्या तुळशीत तो आहे, दालचिनीच्या पानात आहे. दाताच्या डॉक्टरच्या खोलीत शिरल्यावर जो ठरावीक वास येतो, तोही पुष्कळदा त्याचाच असतो. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवून दातात तात्पुरते भरण्याची पद्धत फार जुनी आहे. युजेनॉल नस बधिर करतो आणि जंतूही मारतो. म्हातारीच्या बोळ्याने दाढ थांबते ती यामुळे.

लवंग आणि वर्धा

लवंग आपल्या जिल्ह्यात पिकत नाही. तरी एकदा लवंगेवरून सगळ्या देशात खळबळ झाली होती आणि तिचा धागा आपल्या गावापर्यंत येतो. झांझिबार हे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे बेट त्या काळी लवंगेचे आगर होते आणि तिथल्या लवंग व्यापारात हिंदी व्यापारी मोठ्या संख्येने होते. १९३७ साली तिथल्या इंग्रजांच्या देखरेखीखालच्या सरकारने कायदे करून हा व्यापार एका संघाच्या हाती दिला आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आला. काँग्रेसने देशाला आवाहन केले की झांझिबारची लवंग वापरू नका. त्या वर्षांत काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला वरचेवर होत असत. लोकांनी लवंग टाकली, १९३८ मध्ये समझोता झाला आणि बहिष्कार उठला. मिठासारखीच लवंगेचीही गोष्ट आहे, पण ती आता कुणाच्या तोंडी राहिली नाही.

आता लवंगेच्या लागवडीबद्दल दोन शब्द, कारण अलीकडे हे प्रश्न मला वारंवार येतात. "साहेब, लवंगेची रोपं देतो म्हणते एकजण, माल बी तोच घेऊन जाईन म्हणते. लावू का?" माझे उत्तर सरळ आहे. लावू नका. लवंगेला बारमाही दमट हवा, सावली, निचऱ्याची कसदार जमीन आणि सात-आठ महिने विखुरलेला पाऊस लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. लवंगेचे रोप इथे पहिला उन्हाळाच पाहणार नाही. १८०० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात लवंग आणली ती तामिळनाडूतल्या कुट्टालम् इथल्या मसाल्याच्या बागेत. आजही ती कन्याकुमारी, निलगिरी, केरळ अशा ठिकाणीच रुजलेली आहे. महाराष्ट्रात कोकणातल्या नारळ-सुपारीच्या सावलीत ती येते. प्रत्येक मातीचे एक पीक असते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती हळद कोकणात नेऊन लावली तर तिचा रंग तसाच उतरेल असे कुणी म्हणणार नाही.

रोपांच्या पैशापेक्षा मला काळजी वाटते ती 'माल आम्हीच घेऊ' या शब्दाची. असा कागद कुणी पुढे केला तर सही करण्याआधी सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात तो दाखवा. तपासायला पैसे पडत नाहीत.

बाटली ओळखावी कशी

देवळी तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात दंतमंजनाच्या दुकानावर लवंग तेलाच्या कुप्या रांगेने मांडलेल्या होत्या. वास लवंगेचा, पण भाव फारच कमी. एका बाईने घेतलेली कुपी मी मागून घेतली, चहाच्या ग्लासात पाणी मागवले आणि हळूच थेंब सोडला. थेंब वरच तरंगत राहिला आणि पसरला. लवंगेचे तेल पाण्यापेक्षा जड असते. पानाचे असो की कळीचे, खऱ्या तेलाचा थेंब हळूहळू तळाशी जाऊन बसतो. गोडे तेल किंवा रॉकेलसारखे काही त्यात भरपूर घातलेले असेल तर तो वर राहतो.

दुसरी परीक्षा कागदाची. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून तो उघड्या हवेत ठेवावा. खऱ्या तेलाचा डाग सावकाश विरत जातो, घाई करू नये, दोन-तीन दिवस पाहावे. गोड्या तेलाचा तेलकट डाग तसाच राहतो. या दोन्ही परीक्षांत ढोबळ भेसळ कळते. कळीच्या तेलात पानाचे तेल मिसळले असेल तर मात्र ग्लास आणि कागद काही सांगणार नाहीत, त्याला प्रयोगशाळाच पाहिजे. म्हणून दातासाठी तेल घ्यायचे तर औषधाच्या दुकानातून, बंद बाटलीत, कंपनीचे नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेले घ्यावे. अगरबत्ती आणि साबणासाठी सुटे मिळणारे पानतेल तोंडात घालण्याच्या कामाचे नाही.

तीनशे लवंगांचा हिशेब

एका घरी नातवाला दात येत होते. लेकरू रडत होते आणि आजी बोटावर लवंग तेल घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळत होती. मी थांबवले तर म्हणाली, "आमच्या काळी तं लवंग उगाळून लावत होतो बाप्पा, मंग तेलानं काय होते?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. एक लवंग साधारण एक दशांश ग्रॅमची. तिच्यात तेल पंधरा-वीस मिलिग्रॅम. आणि बाटलीतला एक थेंब सुमारे पन्नास मिलिग्रॅमचा. म्हणजे एका थेंबात तीन लवंगांचा अर्क. चहाचा एक चमचा भरला, पाच मिलिलिटर, तर त्यात अडीचशे-तीनशे लवंगा मावल्या. उगाळलेली लवंग लेकराच्या जिभेला चटका देते आणि लेकरू ती थुंकते. तेल मात्र एका घोटात पोटात जाते.

आता दुसरी बाजू पाहा. अन्नातल्या घटकांची तपासणी करणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीने १९८२ साली युजेनॉलची रोजची मर्यादा ठरवून दिली. शरीराच्या दर किलो वजनाला अडीच मिलिग्रॅम. दहा किलोच्या लेकराला दिवसाला पंचवीस मिलिग्रॅम झाले. एका थेंबात युजेनॉल चाळीसच्या आसपास असतो. म्हणजे एक थेंबही त्या लेकराला जास्तच. साठ किलोच्या बाप्याला दीडशे मिलिग्रॅम, म्हणजे चार थेंबांच्या आत.

इंग्लंडमधली एक केस १९९३ साली बालरोगाच्या नियतकालिकात नोंदली गेली आहे. दोन वर्षांच्या मुलाने पाच ते दहा मिलिलिटर लवंग तेल पिऊन टाकले. तो बेशुद्ध झाला, झटके आले, यकृत बिघडले. मोठ्या रुग्णालयात उपचार झाले म्हणून वाचला. आपल्याकडे कोनाड्यातल्या बाटलीत बहुधा पाच किंवा दहा मिलिलिटरच असते. एका लेकराला पुरेल एवढे.

आजीने ऐकले. बाटली वर ठेवली आणि गार पाण्यात बुडवलेले स्वच्छ फडके लेकराच्या हाती चावायला दिले. त्याने लेकरू शांत होते, आणि त्यात धोका काही नाही.

तेव्हा दोन वर्षांच्या आतल्या लेकराला हे तेल हिरडीला, नाभीला, छातीला, कुठेही लावायचे नाही. सर्दी झाली म्हणून उशीवर किंवा नाकाजवळ थेंब टाकायचे नाहीत. त्याहून मोठ्या मुलांचा दात दुखत असेल तर डॉक्टरच्या सांगण्याशिवाय वापरू नका. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने टाळावे. ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, किंवा ऑपरेशन ठरले आहे, त्यांनीही डॉक्टरला विचारावे, कारण युजेनॉल रक्त गोठण्याच्या कामात ढवळाढवळ करतो.

दाढेसाठी वापरायची रीत अशी. एक थेंब लवंग तेल आणि चार-पाच थेंब गोडे तेल एका वाटीत मिसळावे. कापसाचा लहान बोळा त्यात भिजवून, दाबून निथळावा आणि दाढेच्या खड्ड्यावर ठेवावा. हिरडी, जीभ, गाल यांना लागू देऊ नये. निखळ तेलाने तोंडाची आतली कातडी भाजते, पांढरी पडते, आणि मग दुखते दाढ की हिरडी हेच कळेनासे होते. काही मिनिटांनी बोळा काढून चूळ भरावी, तोंडात आलेली लाळ गिळू नये. दिवसातून दोन-तीनदा, आणि तेही एक-दोन दिवस एवढेच. तेलाने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. नस बधिर झाली म्हणून आपल्याला वाटते बरे झाले, आणि आत पू साचत राहतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, की बाटली बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठावा. सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना, सावंगीचा दाताचा दवाखाना आपल्या जिल्ह्यातच आहेत.

गुडघे-कंबर चोळायला काही जण हे तेल वापरतात. चालेल, पण शंभर मिलिलिटर खोबरेल तेलात दहा थेंबांपेक्षा जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहावे. खाज, लाली, पुरळ आले तर ते तेल तुमच्या कातडीला मानवत नाही असे समजावे. काहींना याची कायमची वावडी होते आणि मग पुढे साध्या साबणानेही अंगावर उठते. फुटलेल्या, खरचटलेल्या कातडीवर तर मुळीच नको. जनावराच्या जखमेतही ओतू नये. मुके जनावर सांगू शकत नाही, पण त्यालाही तशीच आग होते. मांजर घरात असेल तर तिच्यापासून हे तेल लांब ठेवा, तिच्या शरीराला ते पचवता येत नाही.

अपघात झालाच तर

लेकराने बाटली तोंडाला लावली असे दिसले तर ओकारी काढायला बोटे घालू नका. ओकारीत हे तेल फुप्फुसात गेले तर काम आणखी बिघडते. तूप, गोडे तेल, दूध असे काही उपाय करत वेळ घालवू नका. तोंड पुसा, पाण्याने धुवा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या. किती भरली होती, किती उरली, केव्हा प्यायले, एवढे डॉक्टरला सांगता आले की अर्धे काम होते. लेकरू हसते-खेळते आहे म्हणून घरी थांबू नका. यकृताचा बिघाड दुसऱ्या दिवशी दिसू लागतो, आणि त्यावरचा उपचार लवकर सुरू व्हावा लागतो.

डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा, चोळू नये, आणि डॉक्टरला दाखवावे. अंगावर सांडले तर आधी गोड्या तेलाच्या फडक्याने पुसून मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने ते पसरते.

ठेवण्याचे म्हणाल तर गडद रंगाची काचेची बाटली, घट्ट बूच, कुलपाचा कप्पा. हे तेल थर्मोकोल आणि काही प्लास्टिक विरघळवते, रबरी बूच फुगवते. पत्र्याच्या डबीत काळे पडते. पेट्रोलसारखे ते भपकन पेटत नाही, पण चुलीजवळ ठेवण्याची वस्तू नाही. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत मात्र कधीही भरू नका. अंधारात माणूस बाटलीचा आकार ओळखतो, वास नंतर कळतो.

पिकावर तेल, आणि बागेतली माशी

सेलू तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने मोबाईलवर पाहून मिरचीच्या रोपांवर साबणाच्या पाण्यातून लवंग तेल फवारले. किडी जातील अशी आशा होती. दुसऱ्या दिवशी पाने करपलेली. त्याला नवल वाटले, मला वाटले नाही. अमेरिकेत सेंद्रिय शेती करणारे लवंग तेल तणनाशक म्हणूनच फवारतात. ज्या पानावर पडेल ते पान जाळायचे, हे त्याचे काम. मिरचीचे पान आणि गवताचे पान यात ते भेद करत नाही. म्हणून पिकावर याचे घरगुती प्रयोग नकोत. बाटल्या विहिरीवर किंवा नाल्यात धुऊ नका. मासे हाताळताना त्यांना गुंगी यावी म्हणून मत्स्यतज्ज्ञ हेच तेल पाण्यात अगदी थोडे टाकतात, जास्त झाले तर मासा उठत नाही.

आता आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांतल्या संत्रा बागायतदारांसाठी. अंबिया बहाराची फळे रंगावर यायला लागली की फळमाशी येते. मादी सालीला टोचून आत अंडी घालते. अळ्या आतून गर खातात, फळ अवेळी पिवळे होऊन गळते, फोडले तर वळवळ दिसते. फळ बाहेरून बरे दिसते, म्हणून तोडणीत जाते, आणि व्यापारी पेटीत एक सडके निघाले की सगळ्या मालाचा भाव पाडतो.

१९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला दिसले की डास हाकलायला वापरतात त्या गवती तेलाकडे फळमाशा उलट धाव घेतात. त्याने शोध घेतला आणि १९१५ साली त्या ओढीचे कारण सांगितले. ते म्हणजे मिथाइल युजेनॉल. हा युजेनॉलचाच भाऊबंद, आणि कारखान्यात तो पुष्कळदा लवंगेच्या पानाच्या तेलातल्या युजेनॉलपासूनच तयार करतात. नर माशी त्यासाठी वेडी होते. तो खाल्ला की नराच्या अंगी मादीला ओढणारा वास येतो. १९६२-६३ मध्ये प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या बेटावर अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक लावलेल्या चकत्या टाकून नर संपवले आणि त्या बेटावरची फळमाशी नाहीशी केली.

आपले गाव काही बेट नाही. शेजारच्या बागेतून माशी येत राहते. म्हणूनच एकट्याने चार सापळे लावले तर पदरात थोडेच पडते, आणि धुऱ्याला धुरा लागून असलेल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावले तर फरक दिसतो. एकरी दहा सापळे, तोडणीच्या दोन महिने आधी, झाडाच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून चार-पाच फुटांवर टांगावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा किंवा त्या धर्तीचा कोणताही चालतो. वडी साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावी. सापळ्यात फक्त नर सापडतात हे ध्यानात ठेवा, अंडी घातलेली फळे आहेत तशीच राहतात. त्यासाठी गळालेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरायची. झाडाखाली सडू दिली तर अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि नवी पिढी तुमच्याच बागेत जन्मते.

दुकानात सापळा मागताना पिकाचे नाव सांगा. संत्रा, पेरू, आंबा यांच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतो. कारली, दोडका, काकडी यांची माशी वेगळी. तिला क्यू-ल्युअर नावाचे आमिष लागते. कारल्याच्या मांडवात मिथाइल युजेनॉल टांगून "एकबी माशी सापडली नाही" म्हणणारे शेतकरी मला दरवर्षी भेटतात. आणि दातदुखीचे लवंग तेल सापळ्यात टाकून काम भागत नाही. युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल भाऊबंद असले तरी माशी एकालाच ओळखते.

बाजारात तयार वडी मिळते, तीच घ्यावी. घरी कीटकनाशक मिसळत बसू नये. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. वडीत बहुधा कीटकनाशक असतेच, आणि मिथाइल युजेनॉलबाबतही २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसाला कर्करोग होण्यास बहुधा कारण ठरणारा पदार्थ असल्याचे म्हटले आहे. म्हणून वडी नुसत्या हाताने धरू नका. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच तंबाखूची पुडी काढा. वडी बदलण्याचे काम पोरांवर सोपवू नका. काढलेली जुनी वडी बागेत तशीच टाकू नका, ती वेचून बंद डब्यात ठेवा आणि विहीर, नाला, गोठा यांपासून दूर खोल पुरा.